फक्कीनं आखलेलं गाव

शाळेच्या मैदानावर आज फक्की मारत होते. त्या चुन्याच्या वासानं मी पुन्हा ताम्हिणी घाटाच्या अलीकडच्या आमच्या गावच्या एका जुन्या ग्रामसभेत जाऊन उभा राहिलो.

गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींनी पुढं हयातभर गावाचा आराखडा बिनपगारी केला. कागदावरचा नकाशा सगळ्यांना उमगत नाही, म्हणून ते देवळापुढं फक्कीनं गाव आखत आणि ज्याला त्याला आपापल्या जागेवर उभं करत. त्या दिवशी मी माझ्या रानाच्या चौकोनात उभा होतो. तिथून वाडीचा दवाखान्याकडं जायचा रस्ता होऊ द्यायचा नाही, असं ठरवूनच आलो होतो. बंगल्यासाठी जागा शोधत आलेल्या शहरातल्या एका माणसाला तो तुकडा विकायचं कबूल केलं होतं. हे आजवर कुणाला बोललो नाही.

गुरुजी वाडीच्या हौसाबाईंना म्हणाले, "आता कुणाच्या रानात पाय न ठेवता दवाखान्यात जा."

त्या चहूकडून फिरल्या. "कुटनं जाऊ, गुर्जी? ह्यो मदी हुबा हाय न्हवं!"

सगळे हसले. शेजारी आमच्या घराच्या चौकोनात उभी असलेली आई कडाडली, "सरक की मुडद्या! मुळं फुटली का तुला?"

मी सरकलो. गुरुजींनी तेवढ्यात माझ्या पावलांच्या जागी रेघ ओढली. रस्ता दिला म्हणून गाव अजून माझं कौतुक करतं, पण मी आईच्या धाकानं सरकलो होतो. जिंकल्या त्या हौसाबाई. दवाखान्याच्या चौकोनात पोचून, दोन्ही हात वर करून त्या ओरडल्या, "पोचले गं बायांनो!" आणि मागून अख्खी वाडी त्या रेघेवरून धावत सुटली.