खरखर राहू द्या

वारज्यात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते आधी यंत्राचं ऐकायचे, मग माणसाचं. माझा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर मधेच बंद पडायचा, म्हणून नेला.

"तेवढं बघा. खरखर मात्र राहू द्या."

"अहो, बिघाडच हवाय, तर इथे आणलात कशाला?"

मी सांगितलं, रॉकच्या सुरुवातीला काहींनी फाटक्या स्पीकरमधून गिटार वाजवली, आणि त्यांना तोच आवाज आवडला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्पीकरच्या कागदी पडद्यावर बोट टेकवलं.

"वाजवा."

मी वाजवून थांबलो, तरी बोट तिथेच होतं.

"चाळीस वर्षं भजनी मंडळांच्या स्पीकरमधली खरखर काढतोय," ते म्हणाले. "एकदाही ऐकली नाही."