मशीनमावशीने आटवलेला कोट

रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी दिवसभर उघडं असलेलं एक केंद्र होतं. तिथे आंघोळीला गरम पाणी मिळे, पोटाला काहीतरी मिळे, आठवड्यातून एकदा डॉक्टर येई, आणि कोपऱ्यातल्या एका लांबट खोलीत कपडे धुऊन मिळत. त्या खोलीवर जिचं राज्य होतं तिला सगळे मशीनमावशी म्हणत. राज्यच म्हणायला हवं, कारण केंद्राचे साहेबसुद्धा दारावर टकटक केल्याशिवाय आत पाय ठेवत नसत.

मावशी बुटकी, अंगाने भरलेली, आणि तोंडाचा पट्टा असा की मशीनच्या घरघरीवरून तो आरामात ऐकू यावा. "ही काय विजार आहे? ही उभी करून ठेवली तर चालत घरी जाईल," असं ती एखाद्याला सगळ्यांसमोर सुनवायची, आणि त्याच विजारीचं तुटलेलं बटण कुणी न सांगता लावून द्यायची. लोकही तिला ओळखून होते. मावशी बोलली नाही तर तिची तब्येत बरी नाही, असं ते समजत.

तिची कामाची एक पद्धत होती. माणूस आंघोळीला गेला की त्याचे कपडे तिच्याकडे येत. जुन्या चादरी फाडून तिने रंगीत चिंध्या करून ठेवल्या होत्या. एक चिंधी गाठोड्याला, तसलीच दुसरी माणसाच्या मनगटाला. कपडे वाळेपर्यंत केंद्राचा ढगळा झगा घालून बसायचं. त्या झग्यात भले भले सारखेच विनोदी दिसायचे, त्यामुळे बाकावर बसलेली ती मंडळी एकमेकांची टर उडवत वेळ काढत. आणि कपडे म्हणाल, तर आजवर मावशीच्या हातून कुणाचा मोजादेखील इकडचा तिकडे झाला नव्हता. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नव्हती.

या केंद्रात एकच माणूस असा होता, की ज्याने मावशीच्या दाराकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला सगळे कोटोबा म्हणत. उंच, वाकलेला, पिकल्या दाढीचा म्हातारा. अंगात गुडघ्यापर्यंत येणारा जाड लोकरी कोट. उन्हाळा असो की थंडी, तो कोट अंगावेगळा झालेला कुणी पाहिला नव्हता. आंघोळीला जाताना तो कोट आत न्यायचा, खुंटीला लावायचा आणि ओल्या अंगावर परत चढवायचा. लोकांना काय, तोंड आहे तर बोलायचं. कुणी म्हणे अस्तरात सोनं शिवलंय, कुणी म्हणे बायकोचा फोटो आहे. तसलं काही नव्हतं. कोट हेच त्याचं अंथरूण होतं, तीच उशी, तेच कपाट. एकदा कुठल्याशा दुसऱ्या ठिकाणी त्याने कपडे धुवायला दिले होते आणि परत मिळाले ते भलत्याच माणसाचे. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता.

तर त्या वर्षी थंडी अंगावर यायला लागली आणि कोटोबाचा खोकला काही केल्या हटेना. केंद्रातली एक मुलगी रोज सकाळी गावभर फिरून उघड्यावर झोपलेल्यांची विचारपूस करायची. तिने खटपट केली, साहेबांच्या मागे लागली, आणि कोटोबासाठी एक खोली मिळवली. केंद्राचंच एक घर होतं. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, स्वयंपाकघर सामाईक. खोली सोमवारी दुपारपर्यंत त्याच्यासाठी राखून ठेवणार होते. तोवर तो आला नाही तर पुढच्या माणसाला, कारण वाट बघणारे खूप होते. आणि त्या घराचा एक नियम मोडता येण्यासारखा नव्हता. रस्त्यावरची कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय आत येणार नाही. एकदा एका गोधडीतून ढेकूण शिरले होते आणि सगळं घर रिकामं करावं लागलं होतं.

म्हणजे कोट धुणं आलं. मुलीने विनवलं, साहेबांनी समजावलं, कोटोबा नाही म्हणून मान हलवत राहिला. शेवटी मावशी हात पुसत बाहेर आली.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या हातून आजवर कुणाचं काही गेलंय का? विचारा या सगळ्यांना."

"नाही ऐकलं."

"मग? कोट देताय तो कोटच परत देईन. हा माझा शब्द."

कोटोबाने एकेक बटण काढत कोट उतरवला आणि तिच्या हातावर ठेवला. आतला माणूस काडीसारखा होता. बाकावरची झगेवाली मंडळी एरवी कशालाही हसायची, पण त्या वेळी त्यांनी सरकून त्याला बाकावर जागा करून दिली.

आता खरी गंमत पुढे आहे, आणि ती गंमत मुळीच नाही. लोकर गरम पाण्यात घालू नये हे कुठल्याही घरातलं पोर सांगेल. मावशीलाही ते ठाऊक होतं. पण मावशीने वर्षानुवर्षं केलं काय? रस्त्यावरून आलेलं जे जे म्हणून काही आहे ते उकळत्या पाण्यात, आणि मग कडक गरम हवेत. ढेकूण मरायला दुसरा उपाय नाही. हात मशीनच्या त्या बटणाला इतका सरावलेला की डोक्याला विचारायची गरजच नाही. चिंधी बांधली, कोट आत टाकला, बटण फिरवलं, आणि मावशी दुसऱ्या कुणाच्या तरी सदऱ्यावर तोंडसुख घेत बसली.

मग तिने कपडे वाळवायच्या मशीनचं दार उघडलं. कोट होता. चिंधीही होती. पण तो कोट आता शाळेतल्या पोराला बेताचा झाला असता. घट्ट, जाड, पुठ्ठ्यासारखा, बाह्या वर आखडलेल्या.

कोटोबा चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने कोट हातात घेतला, बाहीत एक हात घालून पाहिला, तो कोपरापाशी अडकला. मग त्याने कोटाची नीट घडी घातली, मावशीच्या टेबलावर ठेवली आणि नुसत्या सदऱ्यावर दाराबाहेर पडला. मुलगी शाल घेऊन मागे धावली. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तो शनिवार होता. रविवारी केंद्र बंद. मावशीचं घर म्हणजे ती आणि तिची सून. मुलगा मालाच्या ट्रकवर, बहुतेक दिवस रस्त्यावरच. त्या दिवशी मावशीने भांडी आपटली, दूध उतू घालवलं आणि शेजारणीशी विनाकारण वाद घातला. सुनेने संध्याकाळपर्यंत सगळं मुकाट पाहिलं.

"आई, झालंय काय?"

मावशीने सांगितलं. सांगताना तिचा आवाज फुटला, तो तिने खोकून लपवला. "त्या मुलीला निरोप दिलाय. उद्या त्याला शोधून माझ्या वतीने माफी माग म्हणून."

"चूक तुमची ना?"

"मग कुणाची?"

"मग माफी मागायला दुसऱ्याची मुलगी कशाला पाठवताय?"

सुनेचं तोंड सासूपेक्षा काही कमी नव्हतं. मावशीच्या अंगाची लाही झाली, आणि तिने उतू गेलेल्या दुधाचं पातेलं घासायला घेतलं.

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी आली. पहिली गाठोडी धुऊन वाळवायच्या मशीनमध्ये टाकली, खोलीला कुलूप लावलं आणि झग्यातल्या मंडळींना म्हणाली, "मशीन थांबायच्या आत येते." मुलीकडून पत्ता घेऊन ती निघाली. बेकरीच्या मागच्या गल्लीत एक भिंत भट्टीमुळे सतत ऊबदार असे. कोटोबा त्या भिंतीला पाठ टेकून बसला होता, पायांवर पुठ्ठा ओढून. मावशी धापा टाकत त्याच्या शेजारी खाली बसली. गुडघे कुरकुरले.

"बाबा, माझं चुकलं."

कोटोबाने पायांवरचा पुठ्ठा आणखी वर ओढला.

"सवयीने हात फिरला. पण चुकलं ते चुकलं. मी बढाई मारली आणि तुमचा कोट नासवला. दोन रात्री मला झोप नाही."

"मला आहे का?" तो म्हणाला. मग खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत दोघं थांबली. "कोट गेला त्याचं काही नाही, मावशी. कोट काय, वस्तू आहे. मी तो काढला, त्याचं वाईट वाटतं. इतकी वर्षं कुणाच्या सांगण्यावरून काढला नाही. तुमच्या सांगण्यावरून काढला."

हे ऐकून मावशीला रडू आलं, आणि या वेळी तिने ते लपवलं नाही. पदराने नाक पुसलं.

"आता म्हणाल खोली बघायला चला," कोटोबा म्हणाला. "तीही उद्या आखडेल."

"म्हणणार होते. आता कुठल्या तोंडाने म्हणू?" मावशी म्हणाली. "माझा शब्द तर कोटाबरोबरच आटला. दुसरा देत नाही." तिने कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या हातावर ठेवली. "त्यापेक्षा हे घ्या. माझ्या खोलीची किल्ली. आत लोकांचे कपडे आहेत आणि लोक झगे घालून बसलेत. तुमची वस्तू मी ठेवून घेतली होती, आता माझी तुम्ही ठेवा. आणून द्यावीशी वाटली तर द्या. नाही वाटली तर कुलूप तोडू."

"खुळ्या आहात का?"

"सून पण तेच म्हणते," असं म्हणून मावशी भिंतीला धरून उठली आणि मागे न बघता चालायला लागली. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिला चांगलीच भीती वाटायला लागली होती.

केंद्रात मशीनं कधीची थांबली होती. झग्यातली मंडळी बाकावर कुडकुडत होती. एकाला कामावर जायचं होतं, एका बाईला दवाखान्यात. साहेब आले.

"मावशी, दार उघडा की."

"किल्ली नाही. कोटोबाकडे दिलीय."

"कुणाकडे?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "दुसरी किल्ली करून ठेवू म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं. तुम्हीच म्हणालात, दोन किल्ल्या म्हणजे दोन मालक."

मावशीने मान खाली घातली. खोलीची मुदत दुपारची, आणि सकाळ तर निम्मी सरली होती. तिने बाकावरच्यांना सरळ सांगून टाकलं, काय घडलं, किल्ली का दिली, सगळं. कामावर जाणारा पुटपुटला, शिव्याही दिल्या असतील. साहेब कुलूपवाल्याला बोलवायला फोन उचलायला लागले. तेवढ्यात दवाखान्यात जाणारी बाई झगा आवळून घेत म्हणाली, "साहेब, जरा थांबा ना. तो येईल तेव्हा दार फोडलेलं दिसलं तर त्याला काय वाटेल?"

साहेबांनी फोन खाली ठेवला. कामावर जाणारा म्हणाला, "बरं, पण चहा तरी पाजा." चहा झाला. दुसरा झाला. मावशी दाराकडे बघायची नाही असं ठरवून भिंतीकडे तोंड करून बसली होती, म्हणून तिला तो आलेला दिसलाच नाही.

"लोकांचे कपडे असे अडकवून ठेवतात का?" मागून आवाज आला. "ही माणसं गारठून मरायची. उघडा ते दार."

कोटोबाने किल्ली तिच्यापुढे धरली होती. मावशीने किल्ली घेतली, दार उघडलं, आणि कपडे वाटताना ती इतकी भरभर आणि इतकं मोठ्याने बोलत होती की सगळ्यांना हायसं वाटलं. कोटोबाने आंघोळ केल्यावर तिने त्याला केंद्राला दान आलेल्या, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून सदरा, विजार आणि एक स्वेटर दिला. "हा स्वेटर आधीच आटलेला आहे," ती म्हणाली, "आता काही व्हायचं नाही याला." तो गालातल्या गालात हसला.

"खोली बघतो," तो मुलीला म्हणाला. "पण मावशी येत असतील तर."

घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. घर सांभाळणाऱ्या बाईंनी दुसऱ्या मजल्यावरची खोली उघडली. एक खाट, एक खुर्ची, छोटं कपाट, खिडकीतून दिसणारं समोरचं लिंबोणीएवढं कसलंसं झाड. कोटोबा उंबऱ्यापाशीच थांबला. मावशी मात्र सरळ आत घुसली. चादर झटकली, उशी थोपटली, खिडकी उघडून बघितली, बंद केली, कपाटाचे खण तपासले. नळाला गरम पाणी कधी येतं, शेजारी कोण राहतं, रात्री खोकला वाढला तर कुणाला हाक मारायची, सगळं तिने बाईंना विचारलं आणि कोटोबाला दोनदा समजावून सांगितलं. तोवर तो हळूच आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला होता, पाहुण्यासारखा.

"आणि उशाला ही शाल ठेवलीय, पहाटे गार वाटलं तर..."

"मावशी," कोटोबा म्हणाला.

"काय हो, बाबा?"

"आता तुम्ही जा. जाताना दार ओढून घ्या."

मावशीने मुलीचा हात धरला, दोघी बाहेर आल्या आणि तिने अगदी हलक्या हाताने दार लावून घेतलं. बोळकांडीत त्या उभ्या राहिल्या. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. कडी लागली. लगेच निघाली. पुन्हा लागली. पुन्हा निघाली. मुलगी हसत काहीतरी म्हणणार होती, पण मावशीने तिला खुणेने गप्प केलं. कडी आणखी एकदा लागली, आणि मग ती लागलेलीच राहिली.