घेवड्याच्या मांडवावरची चप्पल

ऐका की मंडळी, आजची गंमत!

लेकीनं इंग्लंडात एका खेड्यात सुट्टीसाठी दुसरं घर घेतलंय. थंडी सरली, म्हणून सकाळी तिथल्या परसात मी घेवडा टोकला, काठ्यांचा मांडव केला आणि वर माझी अंगठा तुटलेली कोल्हापुरी चप्पल टांगली.

पन्नास-बावन्न साली कोल्हापुरात आमच्या परड्यातल्या दोडक्यावर आई अशीच चप्पल टांगायची. "बघणाऱ्याची नजर चपलेवर पडू दे की! वेलाला दृष्ट लागायची न्हाय."

दुपारी शेजारीण दारात. चप्पल धुऊन-पुसून आणलेली! "हरवली होती ना?"

लेक लाजली. मी मात्र सगळं समजावलं.

आत्ता बघते, तर शेजारणीच्या टोमॅटोच्या रोपांवर तिच्या नवऱ्याचा बूट लोंबतोय. नवाकोरा!

आता सांगा, त्या बुटाला दृष्ट लागू नये म्हणून काय टांगायचं?