हिराबायची झोप

गोळ्या घेतल्याच नाहीत, असं हिराबायने खुर्चीत बसता बसताच सांगून टाकलं. निदान खोटं तरी बोलावं! मी विरारच्या एका धर्मादाय दवाखान्यात समुपदेशक आहे. म्हणजे डॉक्टर औषध देतात, आणि ते पोटात जातंय की नाही हे बघायचं मी.

हिराबाय अर्नाळ्याची, मासे विकणारी. नवरा गेल्यापासून जेवण नको, बोलणं नको, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. हा आजार आहे, नुसतं दुःख नव्हे. औषध आमच्याकडे फुकट मिळतं. तरी बाई घेईना. का, म्हणून विचारलं.

"गोळी घेतली का सकाळी डोळंच उघडत नाय, मॅडम. मी बाजारात नाय पोचली तर माझ्या जागेवर दुसरी कोन बसेल. मंग बरी होऊन करू काय?"

बोलणं खरं होतं. मासळीबाजारात जागा सासूकडून सुनेकडे येते, पण चार दिवस रिकामी दिसली की गेलीच. मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, गुंगी हळूहळू कमी होईल, तोवर तिला आराम करू दे.

"सर, आराम करून खाईल काय?"

त्यांनी गोळी संध्याकाळी लवकर घ्यायला सांगितली. पुढचं त्यांच्या हातात नव्हतं.

मग हिराबायला विचारून मी बाजार गाठला. तिच्या शेजारी शेवंती बसते. दोघींचा उभा दावा. गिऱ्हाईक ओढण्यावरून रोज एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार. मी भीत भीतच विषय काढला. आजाराचं नाव घेतलं नाही, एवढंच म्हटलं की तिला थोडे दिवस झोपेची गरज आहे. शेवंती बोंबील साफ करत होती. मान वर केली नाही.

"झोपू दे तिला. तिची पाटी मी लावते. ती गेली तर मी भांडू कोनाशी?"

आणि लावली! दोन्ही पाट्या विकायची, हिराबायचे पैसे घरी पोचवायची, वर दारातूनच तिला दोन शिव्या घालून यायची. मला तर त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. हिराबाय आधी झोपायला लागली, मग जेवायला, आणि पाऊस सरल्यावर स्वतःच्या जागेवर येऊन बसली.

गोळी फुकट असली तरी झोप परवडावी लागते. आता डॉक्टर नव्या पेशंटला स्वतःच विचारतात, "तुम्ही झोपलात तर काम कोण बघेल?" उत्तर आलं नाही की ते माझ्याकडे बघतात, आणि मी चपला घालते.