आवाज डबल का येळ डबल

भोकरकडचं भुजंगचं गाव धरणाखाली जाऊन तीस वर्षं झाली. शेतात पाणी शिरलं तेव्हा त्यानं नांगर सोडून वल्हं धरलं, मासे पकडू लागला. आता सत्तरी गाठली, खांदे थकले, म्हणून होडीला बॅटरीवरची मोटर बसवली. पण होडीत उभा राहिला, की अजून तोच नाटकातला राजा! चावडीपुढच्या दगडी ओट्यावर बारा वर्षं यानं मुकुट मिरवला होता. राणी केवळाबाई. गावच्या नाटकात बाईचं काम बाईनं करायचं, हे धाडस आधी तिनं केलं.

परवा तिचा निरोप आला. मुलगा वैजनाथ तिला सोमवारी लातूरला कायमचं नेणार होता. "जायच्या आधी एकदा ओट्यावर ने मला. तिथनं बोलायचंय."

ओटा आता पाण्याच्या तळाशी. बाईचा आवाजही बसलेला, म्हणून माइक आणि भोंगा हवा. पण एका बॅटरीवर मोटर आणि भोंगा दोन्ही कुठले टिकायला? गेल्या जत्रेला मोटर भर पाण्यात गप झाली होती. भुजंगनं पहिलीसारखीच दुसरी बॅटरी घेतली आणि भोकरला सुदर्शनच्या दुकानात गेला. सुदर्शन ट्रॅक्टरची वायरिंग करायचा.

"डबल करून दे."

"काय डबल, मामा? आवाज का येळ?"

भुजंगनं दोन्ही बॅटऱ्या त्याच्यापुढं मांडल्या.

"हिचा प्लस तिच्या मायनसला दिला की जोर दुप्पट. पण तुमचा भोंगा अन् मोटर बारा व्होल्टची. दोन्ही जळून जातेत. प्लसला प्लस, मायनसला मायनस दिलं तर जोर तेवढाच, पण चालंल दुप्पट येळ."

"मंग आवाज न्हाई वाढायचा?"

"न्हाई."

भुजंगचा चेहरा उतरला. पूर्वी बाईनं हाक मारली, की पल्याडच्या टेकडीवरची गुरं माना वर करायची. तसं एकदा व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं. तो म्हणाला, "येळच दे."

मग त्यानं पिशवीतून वायरचं भेंडोळं काढलं. ओट्यावरच्या रंगीत बल्बांच्या माळेची वायर, तीस वर्षं जपलेली. "हीच लाव."

"मामा, ही बल्बाची. मोटरनं ओढ घेतली की वितळंल." सुदर्शननं बोटाएवढी जाड केबल कापली, मध्ये फ्यूज बसवला. "एक तार हिच्या प्लसवरनं, दुसरी तिच्या मायनसवरनं. म्हंजे दोघींवर सारखा भार. न्हाईतर एक राबती अन् दुसरी निजती."

"आमच्या नाटकमंडळीत तसंच व्हतं," भुजंग म्हणाला. सुदर्शन खो-खो हसला.

रविवारी चारला होडी निघाली. प्लास्टिकच्या खुर्चीत केवळाबाई, अंगावर हिरवं लुगडं. नव्या गावची माणसं काठावर जमली. देवळाचं शिखर आणि टेकडीवरची चिंच एका रेषेत आली, म्हणजे बरोबर खाली ओटा; तशी भुजंगनं मोटर थांबवली. माइक तिच्या हातात दिला आणि आपलं वाक्य म्हटलं, "राणीसाहेब, राज्य कुणाच्या हवाली करून चाललात?"

बाईनं माइक तोंडाशी धरला. ओठ हलले, शब्द येईनात. "इसरले रे, भुजंगा."

त्यानं पाठीमागून हळूच वाक्य सांगितलं. तिनं ते नको म्हणून मान हलवली. मग खाली पाण्याकडं बघत बोलू लागली, "हे पंचफुलाबाईचं दार. हितं महादेवप्पाची गिरणी. हा मारुतीचा पार..."

काठावरून कुणीतरी ओरडलं, "अक्का, आमचं कुटं व्हतं?"

"गिरणीच्या मागं! दारात शेवगा व्हता बघ."

"हाव, हाव! शेवगाच!"

मग काठ थांबेना. एकेक घर विचारू लागला आणि ती एकेक सांगू लागली. भोंग्याचा आवाज बेताचाच, पण काठापर्यंत पोचत होता. भुजंग वल्हं मांडीवर घेऊन, डोळे मिटून गल्लीगल्लीनं हिंडत होता. सूर्य चिंचेच्या खाली गेला तरी भोंगा बोलतच होता.

परतल्यावर वैजनाथनं आईला हात देऊन उतरवलं. गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. "केवळाबाई, आमची आळी राहिली की."

केवळाबाईनं मुलाकडं पाहिलं. "वैजनाथ, सोमवारचं मंगळवारी करावं का रे?"

 वैजनाथला मंगळवारी कामावर हजर व्हायचं होतं. भुजंगनं होडी बांधायला घेतलेला दोर हातातच धरून ठेवला.