ठंडे उस्तादांची दोन मिनिटं

गाडी थांबली तरी इंजिन बंद करू देत नसत, म्हणून चंद्रपुरातल्या या मिस्त्रींना सगळे ‘ठंडे उस्ताद’ म्हणत. किल्लीकडे हात गेला की मनगट धरलंच. “रुका भाऊ, दोन मिनिटं ठंडी होऊ द्या.” इंजिन एकदम बंद केलं तर तापलेल्या टर्बोला तेल मिळत नाही आणि तो जळतो, हे त्यांनी मला एकदाच समजावलं. पुढे नुसते डोळे वटारायचे.

माझी टर्बो डिझेलची जीप चंद्रपूर-मुलचेरा सवारी मारायची. आत बारा माणसं, टपावर पोती. तिच्यावरच माझं घर चालायचं. जोर मिळावा म्हणून मी डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घेतलं होतं आणि पुढच्या जाळीवर लेकीच्या नावाची चकचकीत स्टीलची पाटी ठोकली होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. मी ते दोनदा मोजलं. वर्षभरात दोनदा पिस्टन वितळले. तिसऱ्यांदा वितळले तर जीप विकायची, असं घरी ठरलं.

म्हणून या वेळी जीप उस्तादांकडे नेली. त्यांनी आधी पाटी उपटली. “पोरीचं नाव घरावर लावा. इथून हवा जाते.” मग स्क्रू पाहून म्हणाले, “तुमाले ताकत पाहिजे का पोहोचाचं हाये?” आणि तो परत मूळ जागी फिरवला.

नऊ दिवस इंजिन उघडं होतं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, घासून सपाट केलेलं हेड, तेल थंड करायला मोठी जाळी. रिंगा बसवताना गॅरेजात बोलायची बंदी. चहावालासुद्धा बोटांनी कप विचारायचा. पार्ट डिझेलमध्ये धुवायचं काम माझं. “ज्याची गाडी, त्याचे हात काळे,” हा त्यांचा कायदा.

नवं इंजिन रुळावं म्हणून हजार किलोमीटर जीप रिकामी, सावकाश चालवली. मग ओझ्याची परीक्षा. मी रेतीची पोती भरायला निघालो, तर म्हणाले, “पोते तं गप बसते. सवारीच बसवू.” मुलचेऱ्याला त्यांच्या भाचीचा निकाह होता. मोहल्ल्यातल्या अकरा धडधाकट बाया आत, बिर्याणीचे देग टपावर, आणि वर मे महिना. चढ लागला तेव्हा गाणी रंगात आली होती.

“चूप बसा व बायाहो,” उस्ताद ओरडले, “मले इंजिनाचं गाणं ऐकू द्या!”

सगळ्या चिडीचूप. चढ संपला तरी तापमानाचा काटा अर्ध्यावरच. माझा जीव भांड्यात पडला आणि बायांच्या आधी मीच बेसूर गायला लागलो.

मांडवापाशी भाचीचा बाप गुलाबपाणी घेऊन उभा. बाया उतरल्या, देग उतरले, उस्ताद आतच. “काजीसाहेब थांबले ना!” तो काकुळतीला आला.

“थांबू द्या. टर्बो अजून फिरून राह्यला.”

ते इंजिन नऊ वर्षं न उघडता चाललं. माझ्या लेकीचं कॉलेज त्यावर झालं. त्यांचे उपकार मी फेडू शकलो नाही, आणि ते उपकार होते असं त्यांनी कधी मानलंही नाही.

पुढे डोळ्यांनी दगा दिला तेव्हा उस्ताद गॅरेज बंद करून वरोऱ्याला लेकीकडे राहायला निघाले. मीच सोडायला गेलो, त्याच जीपने. पान्यांची पेटी त्यांच्या मांडीवर. दारात जीप थांबवली आणि इंजिन चालू ठेवलं. दोन मिनिटं झाली. पाच झाली.

“भाऊ, ठंडी तं कवाचीच झाली,” उस्ताद हळूच म्हणाले.

मी स्टिअरिंग धरूनच बसलो. मग त्यांनीच चाचपडत हात पुढे केला आणि हसत किल्ली फिरवली.