आषाढातली गैरहजेरी

बुधा गेल्याचं त्याच्या मुलीनं, वनितानं, सकाळी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या मनात सर्वांत आधी जे उमटलं ते दुःख नव्हतं. ती सुटका होती. हे लिहिणं सोपं नाही, पण पुढचं सगळं खरं लिहायचं असेल तर सुरुवात इथूनच करायला हवी. मला बुधाला एक गोष्ट सांगायची होती. चाळीसएक वर्षं ती मी मनात दडवून ठेवली. कधी विसरल्याचं नाटक केलं, कधी ती सांगण्याइतकी मोठी नाहीच अशी स्वतःची समजूत घातली. आता ऐकणाराच उरला नव्हता. ‘चला, आता सांगावं लागणार नाही’ हा विचार मनात आला आणि पाठोपाठ त्या विचाराची जी लाज वाटली, ती इतक्या आठवड्यांनंतरही गेलेली नाही...

कान्ह्याच्या स्टेशनावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. ओढ्याच्या अलीकडे आम्हा मराठा शेतकऱ्यांची घरं, पलीकडच्या चढावर ठाकर आदिवासींची ठाकरवाडी. विहिरी वेगळ्या, देव थोडेसे वेगळे, लग्नातली गाणी वेगळी. शाळा मात्र एक. पहिलीपासून वाडीतला बुधा आणि मी शेजारी शेजारी बसलो. पुढे मोठ्या शाळेतही एकत्रच चालत गेलो. आम्हा दोघांत विशेष हुशार असं कुणीच नव्हतं. एखाद्या वर्षी त्याला चार गुण अधिक, एखाद्या वर्षी मला. गणिताला दोघंही घाबरायचो आणि भूगोलाच्या तासाला दोघंही खिडकीबाहेर बघायचो. ही बरोबरी मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण पुढे ज्या विषयावर मी पदव्या मिळवल्या त्यात तिला कुठेही जागा मिळाली नाही.

मावळात भात हेच पीक आणि लावणी हा त्याचा जीव. आवणातली, म्हणजे आधी पेरलेल्या वाफ्यातली, रोपं उपटायची, मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात कमरेत वाकून, रोप लावत लावत मागं सरकायचं. शेतकरी घरं एकमेकांकडे इर्जिकीला जात. आज सगळे आमच्या खाचरात, उद्या चुलत्यांच्या. श्रमाची परतफेड श्रमानं व्हायची. वाडीतली माणसं या सगळ्यांच्या शेतांत राबत, भाकरी आणि भात घेऊन परतत. पण त्यांच्या नावावर खाचरच नव्हतं, मग इर्जिक त्यांच्याकडे जाणार कुठे? एकदा बांधावर जेवायला बसलेलो असताना बुधानं माझ्या वडिलांनाच विचारलं, “आबा, आमची पाळी कवा यायची? दारात भोपळ्याचं आळं हाय, तितं या की समदी इर्जिकीला!” सगळे खळखळून हसले. आबाही हसले, म्हणाले, “लय वाढीव बोलतंय बेनं.” आणि त्याच्या भाकरीवर चटणीचा आणखी एक गोळा ठेवला. त्या हसण्यात मीही होतो.

लावणीच्या दिवसांत वाडीतली पोरं शाळेत दिसत नसत. आम्हीही तिकडे लक्ष देत नव्हतो. आषाढ लागला की वर्गाची एक बाजू रिकामी व्हायची, श्रावणात ती पुन्हा भरायची. नववीत मात्र वर्गशिक्षकांनी बुधाला उभं करून बजावलं, “या वर्षी चाचणीला आला नाहीस तर नाव कमी करीन. शाळा म्हणजे धर्मशाळा नाही.” त्या दिवशी परतताना बुधा ओढ्याजवळ थांबून म्हणाला, “तुज्या आबास्नी इचार की. चाचनीपुरतं मला सोडा म्हनावं. मागनं रातचा दिस करीन, पर चाचनीपुरतं सोडा. मी इचारलं तर बा मारंल. तू इचार.”

मी “व्हय” म्हणालो.

विचारलं मात्र नाही. घरी गेलो, जेवलो, आबा समोर बसले होते, विड्याचं पान लावत होते. चांगल्या मनःस्थितीत होते. विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाले असते, कदाचित नसतेही. ते मला कधीच कळणार नाही, आणि ते न कळण्याची सोय मीच करून ठेवली. कारण साधं होतं. आदल्या वर्षी दोन माणसं कमी पडली तेव्हा आबांनी मला शाळेतून काढून खाचरात उभं केलं होतं. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, रात्री पाय अंथरुणाला लागला तरी कळ यायची. बुधाला सोडलं तर त्याच्या जागी कोण, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, “इचारलंस?” मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, “इचारलं. न्हाई म्हनले.” त्यानं फक्त “बरं” म्हटलं.

मी चाचणी दिली. ज्या सकाळी मी छत्री घेऊन शाळेला निघालो, त्या सकाळी तो इरलं पांघरून आमच्या खाचरात वाकलेला होता. त्यानं मान वर करून हात हलवला. लावणी संपल्यावर तो शाळेत आला, दारातून वर्गाकडे बघितलं, हजेरीत आपलं नाव येत नाही हे ऐकलं आणि शांतपणे निघून गेला. पुढे त्यानं गुरं राखली, मग खडी फोडायला गेला, मग लोणावळ्यात एका बंगल्याची राखण आणि बाग सांभाळायला लागला, ते अखेरपर्यंत.

मी शिकत गेलो. त्यात माझे कष्ट नव्हते असं नाही, पण माझ्या पायाखाली जमीन होती, शब्दशः. द्रुतगती महामार्ग आला, कंपन्या आल्या, आणि ज्या खाचरांत आम्ही भात लावत होतो त्यांची किंमत कुणाच्या स्वप्नातही नव्हती इतकी झाली. उर्से टोलनाक्याजवळ चुलतभावानं हॉटेल टाकलं, दुसऱ्यानं डंपर घेतले, पुतणे इंजिनिअर झाले, मी तळेगावात घर बांधून लोणावळ्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागलो. वाडी होती तिथंच राहिली. ज्या जमिनीवर ती पिढ्यान् पिढ्या उभी आहे ती वाडीतल्या कुणाच्याच नावावर नव्हती, त्यामुळे विकायला काही नव्हतं आणि भरपाई मागायलाही काही नव्हतं. आमची शेतं गेली तेव्हा आम्हाला पैसे मिळाले. त्यांची मजुरी गेली, तिची कुठं नोंदही झाली नाही. त्यांनी फक्त राबण्याची जागा बदलली. खाचरातून उठून ते दुसऱ्यांच्या हिरवळीवर गेले.

माझा प्रबंध नेमका याच विषयावर होता: एका गावातले दोन समाज, त्यांची आर्थिक आणि सामाजिक स्थिती. वाडीत मला घरोघर नेलं ते बुधानंच. “हा आपलाच हाय, खरं सांगा,” असं तो प्रत्येक उंबऱ्याशी म्हणायचा. शाळेच्या हजेरीवरून मी निष्कर्ष काढला की आदिवासी पालकांची शिक्षणाविषयीची उदासीनता हे दोन समाजांतल्या तफावतीचं एक प्रमुख कारण आहे. आषाढात गळणारी हजेरी मी पुरावा म्हणून मांडली. ती मुलं आषाढात कुठं असतात, हे मार्गदर्शकांना ठाऊक नव्हतं, परीक्षकांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. ती आमच्या खाचरात असत, आणि ती तिथं होती म्हणूनच, एक वर्ष सोडलं तर, माझ्या हजेरीत खाडा नव्हता. ते वाक्य लिहिताना मी थांबलो होतो, हे मला स्पष्ट आठवतं. थांबलो, आणि पुढे गेलो. प्रबंधाची प्रशंसा झाली. तेच वाक्य मी व्याख्यानांतून, लेखांतून, वर्षानुवर्षं वर्गात सांगत राहिलो.

एके वर्षी त्याच वर्गात वनिता होती. वाडीतून महाविद्यालयापर्यंत आलेली ती पहिली मुलगी. ते वाक्य मी उच्चारलं तेव्हा ती उभी राहिली आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, “सर, ती मुलं त्या दिवसांत असतात कुठं, हे कुणी बघितलं का?” मी म्हणालो, “चांगला प्रश्न आहे. पुढच्या तासाला बघू.” पुढच्या तासाला मी दुसरं प्रकरण घेतलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. आज ती आश्रमशाळेत शिकवते. मध्यंतरी भेटली तेव्हा हसत म्हणाली होती, “अजून तसंच आहे, सर. लावणी कमी झाली, पण पावसाळ्यात लोणावळ्याला गर्दी होते ना, बंगले धुवायला, भांडी घासायला पोरं लागतात. आषाढात निम्मा वर्ग रिकामा. मी जाते ओढून आणायला.”

आबा अंथरुणाला खिळले तेव्हा बुधा सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याहून यायचा. आबांचं शरीर जड, आम्हा भावांना उचलवत नसे. तो त्यांना पाठीवर घेऊन अंगणात उन्हाला बसवायचा, त्यांची नखं काढायचा. ज्या माणसानं आपली शाळा सोडवली असं तो समजत होता, त्या माणसाची. मी खुर्चीत बसून ते बघत असे. सांगण्यासाठी याहून योग्य वेळ कोणती होती? पण प्रत्येक वेळी कुणीतरी चहा आणायचं, विषय बदलायचा... आणि मला बरं वाटायचं.

शेवटची भेट लोणावळ्यात झाली, बंगल्याच्या मागच्या त्याच्या खोलीत. छातीच्या दुखण्यानं तो पार खंगला होता. दवाखान्यात उशिरा गेला. राखणदारानं बंगला सोडून जायचं कसं, हा त्याचा प्रश्न. आम्ही एकाच वयाचे. माझी दर सहा महिन्यांनी तपासणी होते, माझ्या गुडघ्यालाही स्वतंत्र डॉक्टर आहे. मला बघून तो उठून बसला. “काय रं मास्तर, तोंडी परीक्षा घ्यायला आलास व्हय?” मी सफरचंदं पुढे केली. “ही चावायला दात कुटं राह्यलेत? तू खा, मी बघतो.” त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं, चहा टाकला. बोलता बोलता तो गावाच्या आठवणींवर आला आणि आपणहून म्हणाला, “आबांचं माझ्यावर काय वाकडं न्हवतं बरं का. त्यांनी न्हाई म्हटलं, पर त्यांनाबी मानूस लागतच हुतं की लावनीला. मी कवाच सोडून दिलं ते.” बोलायचं ठरवूनच मी गेलो होतो. शब्द तोंडात जुळलेले होते. मी म्हणालो, “औषधं वेळेवर घे.” त्यानं आबांना, एका मेलेल्या माणसाला, क्षमा केली, आणि मी, जिवंत माणूस, ती ऐकत चहा संपवला.

तो गेल्यानंतर वनितानं मला त्याच्या आठवणीत छापायला हा लेख लिहायची विनंती केली. “बाबांच्या शाळेतल्या दिवसांचं तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही, सर. आमच्याशी ते त्याबद्दल कधी फारसं बोलले नाहीत.” मी लिहायला बसलो आणि नववीपाशी येऊन थांबलो. तीन वेळा मजकूर लिहिला, तीनही वेळा तो सुंदर आणि खोटा झाला. शेवटी लोणावळ्याला गेलो. मालकांना नवा राखणदार लवकर हवा होता, म्हणून मायलेकी खोली रिकामी करत होत्या. कोपऱ्यात त्याची कात्री, खुरपं आणि पाण्याची नळी व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली होती. सोनाबाईनं खाटेवर बसायला जागा करून दिली. मी लेखाबद्दल बोललो, शाळा कशी सुटली ते लिहायचं आहे म्हणालो, तेव्हा ती हातातलं काम थांबवून माझ्याजवळ आली आणि आवाज खाली करून म्हणाली, “लिवा भाऊ, पर आबांचं नाव नगा घालू. मेलेल्या मानसाला लोकांनी बोल लावू नये. ह्यांनाबी आवडलं नसतं.”

मी वनिताकडे बघितलं. तिनंही मान हलवली. “खरंय, सर. नाव नको.”

माझ्या वडिलांची अब्रू राखायला त्या दोघी उभ्या होत्या, त्या रिकाम्या होत चाललेल्या खोलीत. आता गप्प राहिलो असतो तर कुणालाही काही कळलं नसतं. लेख छापून आला असता, लोकांनी मैत्रीचं कौतुक केलं असतं, आबांवरचा न केलेला गुन्हा आबांवरच राहिला असता, आणि वनितानं वर्गात विचारलेला प्रश्न मी दुसऱ्यांदा पुढच्या तासावर ढकलला असता.

“वहिनी,” मी म्हणालो, “आबांनी नाही म्हटलंच नव्हतं. मी त्यांना विचारलंच नाही. बुधाला सोडलं असतं तर मला चिखलात उतरावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही, आणि त्याला सांगितलं की विचारलं.”

सोनाबाईला आधी नीट उमगलं नाही. वनिताला उमगलं. तिनं हातातलं सामान खाली ठेवलं. मग म्हणाली, “आणि वर्गात तुम्ही आम्हाला उदासीन म्हणत होतात.” तिचा आवाज चढला नव्हता. “बाबांना का नाही सांगितलंत? एवढा वेळ होता.”

“भ्यालो,” मी म्हणालो. “तो मला क्षमा करील याचीच भीती वाटली. त्यानं केली असती, आणि मग मला स्वतःकडे बघावं लागलं असतं.”

बाहेर नव्या राखणदारानं फाटक उघडल्याचा आवाज आला. मी खाटेवरून उठलो. दोघींना नीट ऐकू जाईल असं म्हणालो, “वहिनी, वनिता, बुधाची शाळा मी सोडवली. तुमच्या वाडीबद्दल मी जे लिहिलं, शिकवलं, ते खोटं आहे हे ठाऊक असून लिहिलं आणि शिकवलं. हे त्याच्यासमोर म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही, त्याला आता इलाज नाही. मी चुकलो. मला माफ करा.”